घीयर, डबल आणि शके ९८२

अंबरनाथच्या शिवमंदिरावर मराठीत लेखनाची वाण नाही. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा शिलालेखातला काळ. शिलाहार राजा मुम्मुणी ऊर्फ मामवाणी. भूमिज शैलीचे शिखर. पायऱ्या उतरून जावे लागणारे, जमिनीच्या पातळीखालचे गर्भगृह. एवढे सांगून झाले की अभ्यासकाची लेखणी थांबते. मंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीच्या आसपास गेल्या पाऊणशे वर्षांत जे घडले त्याची गणना इतिहासात होत नाही, ती फार तर नगरपालिकांच्या अहवालांत होते. आम्हीही हा परिसर आजवर मंदिरापुरताच पाहिला होता. या खेपेस मात्र मंदिर पाहून झाल्यावर परतीची गाडी न धरता आम्ही उल्हासनगरच्या दिशेने चालू लागलो, आणि वाटेत जे मिळेल ते खायचे असे ठरवले. महाशिवरात्रीची जत्रा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. होळी जवळ आली होती. हा मुहूर्त किती योग्य होता ते पुढे कळले.

शिलाहारांच्या काळी येथील लोक काय खात असत, हे मंदिराचे दगड सांगत नाहीत. शेजारच्या राजवटीचा एक ग्रंथ मात्र सांगतो. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आहे. (तो कल्याणीचा राजा, ते कल्याण म्हणजे कर्नाटकातील बसवकल्याण, आपले जंक्शन नव्हे.) त्यातला मंडक आजही मांडे म्हणून आपल्या ओळखीचा आहे, पोलिका म्हणजे पोळी. पण आंबवलेली कणीक भट्टीत फुगवून केलेला पाव त्यात नाही. तो पोर्तुगीजांबरोबर आला, त्यांच्या शब्दासकट आला, आणि गोव्यात ताडीमाडीच्या सुरेने आंबवला गेला.

मराठी माणसाने या पावाला घरात घ्यायला किती काळ लावला, याचा इतिहास आपण आज विसरलो आहोत. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला जातिबंधन मोडल्याची खूण म्हणून ख्रिश्चनाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. म्हणजे पावाचा एक घास ही दीक्षा होती, तीही गुप्तपणे घ्यायची. पुढे चाळीस वर्षांनी, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाने केवढे ग्रामण्य उभे राहिले हे सर्वश्रुत आहे. रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी तेथे होती. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि प्रायश्चित्ताची चर्चा पुढे दोन वर्षे चालली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी ते पुण्यात घेऊन आपल्याच सुधारक मित्रांचा रोष ओढवून घेतला. चहाच्या पेल्यावर आणि बिस्किटावर एवढी विद्वत्ता खर्ची पडलेला समाज दुसरा सापडणे कठीण. आणि त्याच समाजाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वडापाव हे आपले निशाण केले! अभिमानाने नव्हे, असे आम्हांस वाटते; गिरणीच्या पाळीला आणि लोकलच्या वेळेला उभ्याउभ्या खाता येईल असे दुसरे काही नव्हते म्हणून. घड्याळाने जे केले ते परमहंस सभेला जमले नव्हते.

असो. आम्ही चालत होतो ती भूमी दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावणीची होती. कल्याणजवळच्या या छावणीतल्या बराकी युद्ध संपल्यावर रिकाम्या पडल्या, आणि १९४७ नंतर कराचीहून बोटीने मुंबईस उतरलेल्या सिंधी कुटुंबांना त्यांत आणून ठेवण्यात आले. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव पडले. नाव उल्हासाचे असले तरी पत्ता अजूनही छावणीचाच आहे: कॅम्प एक ते कॅम्प पाच. नातवंडांच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा 'कॅम्प नंबर ४' छापले जाते, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

पंजाब किंवा बंगालचा निर्वासित निदान आपल्या भाषेच्या अर्ध्या प्रांतात आला. सिंध फाळणीत अख्खा पलीकडे राहिला; सिंध्यांना अलीकडे प्रांतच उरला नाही. ज्यांना नदी, बोली बोलणारे गाव आणि शेत बरोबर आणता येत नाही ते काय आणतात? पाककृती आणतात, तिला जागा लागत नाही. आमच्या मते उल्हासनगरचे हलवायांचे बाजार हे या अर्थाने दफ्तरखानेच आहेत.

पहिल्या हातगाडीवर दाल-पकवान घेतले. पकवान म्हणजे जिरे-ओवा घातलेली मैद्याची कडक पुरी. फुगू नये म्हणून तिला लाटतानाच टोचे मारतात. सोबत हरभऱ्याची डाळ, तिच्यावर चिंचेची आंबटगोड आणि पुदिन्याची हिरवी चटणी, वर कच्चा कांदा. रविवार असल्याने बाकावर जागा नव्हती. शेजारी उभे असलेले मराठी गृहस्थ दर रविवारी येथेच न्याहारी करतात असे म्हणाले. पुढे बेकरीत खारी, टोस्ट, नानकटाई. नानकटाईच्या नावात फारसी नान आहे आणि, व्युत्पत्तिकारांच्या मते, खताय म्हणजे चीनही आहे. आमच्या लहानपणी मात्र ती घरचे तूप, मैदा, साखर डब्यात भरून बेकरीत नेऊन भाजून आणायची वस्तू होती. भट्टीपाशी आपला पत्रा ओळखू यावा म्हणून एखाद्या नानकटाईवर बोटाची खूण करीत असू.

पावाला सिंधी घरांत 'डबल' म्हणतात, डबलरोटीतला डबल. शिळा झालेला डबल कांदा-टोमॅटो किंवा कोथिंबीर-लसणाच्या वाटणात शिजवला की सेयल डबल होतो. हा पदार्थ गाडीवर क्वचित दिसतो, तो घरचा. एका परिचितांकडे तो वाढला गेला तेव्हा आम्हांस फोडणीची पोळी आठवली. शिळ्याचा मान राखण्याची रीत तीच. सिंध्यांची थदडी आणि आपली शीतला सप्तमी यांतही असेच नाते आहे. दोन्हींत त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे थंड खायचे; थदडीला गोड लोले करून ठेवतात. सँडविचच्या गाडीविषयी फार सांगण्यासारखे नाही. बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो आणि तिखट हिरवी चटणी ही मुंबईची सार्वत्रिक घडण. इंग्लंडातल्या ज्या उमरावाच्या नावावर हा पदार्थ चालतो त्याला ती चटणी सोसली असती की नाही, याची शंका आहे.

मग मिठाईचे दुकान. बेसनाची शेव मावा-साखरेत घोटून केलेली सिंगर मिठाई, आणि सुक्या मेव्याचे माजून. त्याचे नाव थेट अरबी, अर्थ मळलेले. आणि दारातच, मोठ्या पसरट कढईत, घीयर. दिसायला ताटाएवढी जिलबी, पण वेटोळी मोजून घालण्याऐवजी आंबवलेले पीठ जाळीसारखे पसरत जाते. तळून पाकात बुडवतात. ती फाल्गुनात, होळीच्या सुमारासच होते. तिच्या जोडीला पदर सुटलेली, माव्याची प्रागडी. आम्ही तिचे नाव घेतले तेव्हा गल्ल्यावरचा तरुण घोटाळला. मागे बसलेल्या वृद्ध मालकांनी ते नाव दुरुस्त करून उच्चारले. सिंधीतला तो दाबून काढायचा 'ग' आम्हांला काही साधला नाही. तरुणाने घीयरचे नावही गिऱ्हाइकाला 'बडी जलेबी' असेच सांगितले. "समजायला सोपं पडतं," तो मराठीत म्हणाला.

या सोपेपणाची आम्हांस काळजी वाटते, कारण नावे बदलण्याचे प्रकार प्रत्येक वेळी इतके सौम्य नसतात. हैदराबादची कराची बेकरी १९५३ साली खानचंद रामनानी या सिंधी निर्वासिताने काढली. २०१९च्या फेब्रुवारीत, पुलवामाच्या हल्ल्यानंतर, तिच्या बंगळुरूच्या शाखेवरील 'कराची' हा शब्द झाकायला लावण्यात आला. २०२०च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याच्या एका मिठाईवाल्याने, नाव बदलण्याची मागणी झाल्यावर, पाटीवरच्या त्याच शब्दावर वर्तमानपत्र चिकटवले. २०२५च्या मे महिन्यात हैदराबादेत पुन्हा तेच. ज्यांना कराची सोडावी लागली त्यांच्याकडूनच कराचीच्या नावाचा जाब मागितला जातो, हे आम्हांस कळत नाही. आपल्याकडे कोल्हापुरी चप्पल कुणी परमुलखात विकली तर आपल्याला केवढा आनंद होतो!

मालकांना आम्ही कराचीविषयी विचारले. आपण शिकारपूरकडचे, असे ते म्हणाले, आणि तेथून निघालो तेव्हा फार लहान होतो. आठवते ते एवढेच की वडील कढईचा झारा बरोबर घेऊन निघाले होते आणि बोटीवर त्यावरून हसू झाले होते. झारा कुठे आहे म्हणून विचारले तर ते उठून आत गेले, पण गिऱ्हाइकांची गर्दी वाढली आणि ते लगेच बाहेर आले नाहीत.

दोन घीयर बांधून घेतल्या. लोकलमध्ये पाक झिरपून पिशवी चिकट झाली, आणि घरी पोहोचेपर्यंत एकच उरली होती. रंगपंचमी झाल्यावर पुन्हा गेलो तेव्हा दारातली कढई उचलली होती. त्या जागी शेवेची परात होती, आणि घीयर आता पुढल्या फाल्गुनात, असे उत्तर मिळाले.