बालकांचा खुजेपणा : गावानं आधी काय हाती घ्यावं?

कोळवण (ता. मुळशी) : पोर बारीक दिसलं की घरात काळजी सुरू होते. उंचीनं मागं पडलं तर मात्र 'बापावर गेलंय' म्हणून सोडून देतात. वयाच्या मानानं उंची फार कमी राहणं म्हणजे खुजेपणा. दोन वर्षांचा मुलगा साधारण 87 सेंटिमीटर भरतो. 81 च्या खाली असेल तर तो खुजा धरतात. मुलीसाठी हा आकडा साधारण 79. दंडाच्या पट्टीनं किंवा वजनकाट्यानं हे कळत नाही, अंगणवाडीत उंचीच मोजून घ्यावी लागते.

राज्यात पाच वर्षांखालची खुजी बालकं 2005-06 मध्ये 46.3 टक्के होती, 2015-16 मध्ये 34.4. पुढं 2019-21 मध्ये आकडा 35.2 वर अडला. घट झाली त्या काळात 2005 ला सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशननं गरोदरपणापासून मुलाच्या दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांवर जोर दिला होता. गावानंही तिथंच ताकद लावावी. शाळेच्या वयात खाऊ वाटून झालेलं नुकसान फारसं भरून येत नाही. पोषण महिन्यातल्या एका दिवसाच्या पाककृती स्पर्धेनं तर नाहीच.

सुरुवात आईपासून. अठराच्या आत लग्न नको, गरोदरपणात लोहाच्या गोळ्या 180 दिवस. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. सातव्या महिन्यात वरचं खाणं सुरू करायचं, आणि खरी गफलत इथंच होते. भाताच्या खोऱ्यात बाळाला भाताची पेज देतात. तिनं पोट भरतं, वाढ होत नाही. मऊ भातात घट्ट वरण, चमचाभर तेल किंवा तूप आणि अंडं घालावं. नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, भातात नावापुरतं. घरात नाचणी असताना पाच रुपयांचा बिस्किटपुडा कशाला?

वारंवार जुलाब झाले तर खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून पाण्यात टीसीएल, संडासाचा वापर, साबणानं हात धुणं हेही पोषणातच धरावं. जुलाबात ओआरएस आणि 14 दिवस झिंक द्यावं.

कातकरी वस्तीचं गणित वेगळं. कुटुंब वीटभट्टीला गेलं की पोराचा आहार आणि मोजमाप दोन्ही तुटतं. निघण्याआधी यादी करून तिथल्या अंगणवाडीला कळवलं तर खंड पडत नाही.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नाचा 10 टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी असतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येतं.