दाहनुकेवरची होडी

धाकटी डहाणूच्या मंडळींना रोमच्या इतिहासाशी काय देणंघेणं, असं कुणीही विचारेल. पण रोमचं साम्राज्य भरात आलं होतं त्याच सुमाराला आपल्या डहाणूच्या नदीचं नाव दगडावर कोरलं गेलं, आणि तेही राज्यकारभाराच्या संदर्भात. म्हणून हा खटाटोप.

नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. बरेच अभ्यासक नहपानाचा काळ आता इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर धरतात. म्हणजे तिकडे क्लॉडियस किंवा नीरो. उषवदाताच्या दानांची यादी लांबलचक आहे. गायी तर तीन लाख! पण माझं लक्ष अडकलं ते एका वेगळ्याच दानावर. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट होड्या ठेवल्या, आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया बांधल्या. दाहनुका म्हणजे आपलीच. त्याच लेखात नानंगोल गावच्या ३२,००० नारळाच्या झाडांचं दान आहे. हे गाव म्हणजे शेजारचं नारगोळ असं मानतात.

गंमत म्हणजे रोमसुद्धा मुळात एक उतारच. टायबर नदी जिथे ओलांडता येते तिथे वसलेलं गाव. त्यांच्या मुख्य पुरोहिताच्या पदवीचा शब्दशः अर्थ 'पूल बांधणारा', आणि इ.स.पू. १२ मध्ये ही पदवी खुद्द ऑगस्टसने घेतली. मात्र रोम मोठं झालं ते नुसत्या पुलामुळे किंवा तलवारीमुळे नव्हे असं मला वाटतं. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हाकलल्यावर त्यांनी एका वर्षापुरते दोन कॉन्सल नेमायला सुरुवात केली. एकाने वेडंवाकडं केलं तर दुसऱ्याने अडवायचं. तरी कायदा उमरावांच्या तोंडातच राहिला. सामान्य लोक भांडले, शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले, तेव्हा कुठे इ.स.पू. ४५० च्या सुमाराला बारा पाट्यांवर कायदा लिहून भर चौकात लागला. तो कायदा कडकच होता, पण आता तो कुणालाही दाखवता येत होता.

आपल्याकडे मतदान नव्हतं, कॉन्सल नव्हते. नहपान तर बाहेरून आलेल्या शकांपैकी. तरीही उषवदाताचा दुसरा एक लेख बघा. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले: २,००० दरमहा एक टक्क्याने, १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि लेण्यातल्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. हिशोब चोख! शिवाय हे सगळं नगराच्या निगमसभेत जाहीर केलं आणि रीतीप्रमाणे दप्तरात नोंदवलं, असंही कोरलंय. राजाचा जावई झाला म्हणून सभा चुकली नाही.

अर्थात हे राज्य म्हणजे काही धर्मशाळा नव्हती. इजिप्त रोमच्या हाती गेल्यावर (इ.स.पू. ३०) त्यांची जहाजं आपल्याकडे धडाधड येऊ लागली. दारू, तांबं, पोवळं नि चांदीची नाणी आणायची, सुती कापड न्यायचं. त्या काळच्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की कल्याणला चुकून गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत. भडोच नहपानाचं बंदर ना! मोठ्या बंदरासाठी दंडेली आणि लहान नदीवर फुकट होडी, दोन्ही एकाच घरचं.

हे वाचताना वाढवण आठवणारच. ३० ऑगस्ट २०२४ ला त्या बंदराची पायाभरणी झाली. धाकटी डहाणूच्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. मोठं बंदर कुणाला नको असतं? ज्याची जाळी त्या पाण्यात पडतात त्याला. त्याला काय मिळणार, हे कुठल्या सभेत वाचलं जातं आणि कुठल्या दप्तरात नोंदतात, एवढंच मला विचारायचंय.

नहपानाचं राज्य पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने बुडवलं. १९०६ मध्ये जोगळटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारलाय, खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतो. पण मला त्याचा चोविसाव्या वर्षाचा नाशिकचा लेख जास्त आवडतो. भिक्षूंना आधी दिलेलं शेत कुणी कसत नाही, ते गावही ओस पडलंय, असं सरकारच त्यात कबूल करतं. आणि त्याच्या बदली नगराच्या वेशीवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तनं द्यावीत, असा अमात्याला हुकूम आहे.