दिवा, पंप आणि गोगलगाय

सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड लागते. जे व्यवस्थित चालले आहे ते तो दुरुस्त करायला जातो. निवृत्तीनंतरच्या सहा महिन्यांत मी घरातला मिक्सर, न्हाणीघरातला नळ आणि भिंतीवरचे घड्याळ अशा तीन वस्तू कायमच्या दुरुस्त केल्या. त्यामुळे नातीच्या सहाव्या वाढदिवसाला चिरंजीवांनी माशांची टाकी आणायचे ठरवले, तेव्हा सौ.ने आधीच बजावले, "अहो, तुम्ही फक्त बघायचं. हात लावायचा नाही." मी दुकानात बरोबर गेलो तोही फक्त बघायलाच.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. खाली वाळू, वाळूत फितीसारख्या लांब पानांची हिरवी झाडे आणि झाडांत सात गप्पी. दुकानदाराने विचारले, "लाइट कुठला देऊ? फिल्टर कुठला?" चिरंजीव विचारात पडले. मी पडलो नाही. म्हटले, "लाइट मोठ्यातला मोठा दे. फिल्टर तुला पटेल तो दे." दुकानदार बिचारा म्हणाला, "साहेब, एवढ्याशा टाकीला एवढा लाइट जास्त होईल." पण मागणी नेहमी जास्तीची करावी, मंजूर होताना ती आपोआप कमी होते, हा आमच्या खात्यातला नियम. इथे मंजूर करणाराही मीच असल्यामुळे ती कमी झाली नाही.

झाडांना ऊन लागते हे मला शाळेपासून ठाऊक. म्हणून पहाटेच्या चहाला दिवा लावायचा तो रात्री निजताना मालवायचा. सतरा तास सूर्य! महिनाभरात पाणी अळूच्या पातळभाजीसारखे हिरवे झाले. मग एका रविवारी घरातले सगळे लग्नाला गेलेले बघून मी बाह्या सरसावल्या. सगळे पाणी उपसले. वाळू धुतली. फिल्टरमधला स्पंज काळाकुट्ट झाला होता, तो नळाखाली धरून नव्यासारखा केला. नळाच्याच पाण्याने टाकी काठोकाठ भरली. संध्याकाळी सगळ्यांनी कौतुक केले. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन आ वासू लागले आणि पाचव्या दिवशी सातांतले तीन गेले.

चिऊ रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. ती नुसती म्हणाली, "आजोबा, मासे घाण पाण्यात जगत होते. मग स्वच्छ पाण्यात का मेले?"

विधानसभेतल्या प्रश्नांना उत्तरे लिहून देण्यात माझी निम्मी नोकरी गेली. सवयीने तोंडून गेले, "माहिती गोळा करण्यात येत आहे." आणि छत्तीस वर्षांत प्रथमच ती खरोखर गोळा केली.

सुरुवात उजेडापासून केली. 1771 मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली नावाच्या पाद्रीबुवांनी, मेणबत्ती जळून विझली त्याच कोंडलेल्या हवेत पुदिन्याची काडी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. म्हणजे आपण ज्याची चटणी करतो तो पुदिना हवा सुधारतो! मात्र कधी सुधारतो हे सांगितले यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने. 1779 मध्ये त्याने पाने पाण्यात बुडवून पाहिले. उन्हात हिरव्या पानांवर बुडबुडे येतात, अंधारात थांबतात. उलट अंधारात झाडेही आपल्यासारखीच हवा बिघडवतात. दिव्याचे महत्त्व इथे सिद्ध झाले. पण उन्हाने काम होते म्हणून सतरा तास ऊन द्यावे, असे डॉक्टरसाहेब कुठेही म्हणालेले नाहीत.

पुढची फाइल लंडनची. 1849 साली अपॉथेकरीज हॉलमध्ये काम करणारे रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी बारा गॅलनच्या काचेच्या टाकीत वाळू, चिखल, थोडे दगड, दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. बारा गॅलन म्हणजे साधारण साडेचोपन्न लिटर. मी आमच्या टाकीचा गुणाकार केला आणि उडालोच. जवळजवळ तेवढीच! झाडही तेच, फितीसारख्या पानांचे, जे आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही उगवते. साहेबाच्या आणि माझ्या टाकीत फरक एवढाच की साहेबाचे मासे जगले.

पण साहेबालाही आधी घाम फुटला होता. झाडाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. माझ्यासारखा असता तर त्याने टाकी घासून काढली असती. त्याने काय केले? तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, थर खाल्ला, शिवाय त्यांची अंडी माशांना खायला झाली. मासा झाडाला पोसतो, झाड माशाला, आणि दोघांचे उष्टे-खरकटे गोगलगाय काढते. 1850 मध्ये वॉरिंग्टनने हा हिशेब केमिकल सोसायटीपुढे मांडला. ना पंप, ना फिल्टर, दोन मासे आणि भरपूर झाडे. माणसे कमी आणि पंगत वाढायला बायका पुष्कळ असल्यासारखा थाट!

मग लोकांना वेड लागले. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, 1854 मध्ये फिलिप गॉस यांचे 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यादिवाणखान्यांत खिडकीपाशी टाक्या सजल्या. खिडकीपाशीच का, तर ऊन लागते ना! चारी बाजूंनी उजेड शिरला आणि पाणी हिरवे झाले. वाचून फार बरे वाटले. माझी चूक ऐतिहासिक होती.

हळूहळू शहाण्यांच्या लक्षात आले की तळ्याला खिडक्या नसतात, उजेड फक्त वरून येतो. मग टाकीच्या बाजू झाकू लागले. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी समुद्राच्या पाण्याचे मत्स्यालय केले. त्यांनी बहुतेक पाणी खालच्या अंधाऱ्या हौदात ठेवले आणि पंपाने सतत वर-खाली फिरवले. पाण्यालाही अंधाराची विश्रांती लागते, हे त्यांना पटले होते.

हे वाचताना मला एकदम माझे लहानपण आठवले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तिथे मला वडिलांनी बोट धरून नेले होते. आत शिरल्यावर अंधार बघून मी रडलो होतो. उजेड होता तो फक्त टाक्यांत, आणि तोही वरून. म्हणजे उत्तर मी आठव्या वर्षी डोळ्यांनी पाहिले होते. फक्त रडण्याच्या गडबडीत टिपून घ्यायचे राहिले.

राहता राहिला फिल्टर, म्हणजे माझा खरा गुन्हा. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो आणि तो माशालाच विष. त्याचे काय होते हे कळले गटाराच्या पाण्यावरून. 1877 मध्ये श्लेसिंग आणि म्युंत्झ या दोन फ्रेंच संशोधकांनी गटाराचे पाणी वाळू भरलेल्या नळीतून संथपणे सोडले. वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसा आत गेला तसा बाहेर आला. नंतर मात्र बाहेर येऊ लागले ते नायट्रेट, म्हणजे झाडांचे खत. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्म सोडला आणि काम बंद! रसायनाला भूल चढत नाही, जिवाला चढते. तेव्हा वाळूत कोणी तरी राहत होते. 1890 मध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांनी त्या जिवाणूंना वेगळे काढून दाखवले.

आता कळले ना? मी ज्याला गाळणे समजत होतो तो स्पंज म्हणजे एक भरलेली चाळ होती. महिनाभर बिऱ्हाडे येऊन वसत होती आणि रात्रंदिवस राबत होती. मी त्यांना एका रविवारी नोटीस न देता, क्लोरीनच्या पाण्याने, रस्त्यावर काढले. नव्या बिऱ्हाडांची वाट बघण्याइतका वेळ माशांपाशी नव्हता.

दिव्यांनी पुढे पुष्कळ प्रगती केली. 1938 मध्ये ट्यूबलाइट बाजारात आली. 1993 मध्ये जपानच्या शुजी नाकामुरांनी प्रखर निळा एलईडी केला, त्यातून पांढरा झाला, आणि 2014 चे नोबेल नाकामुरांबरोबर इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनाही मिळाले. गंमत म्हणजे पाण्याखाली बागा फुलवून जगाला वेड लावणारा जपानी गृहस्थही अमानोच, ताकाशी अमानो. आधी सायकलच्या शर्यतीत धावला, मग छायाचित्रकार झाला, मग टाकीत आख्खे जंगल उभे करू लागला. दिवे, खते, कार्बन डायऑक्साइड सगळ्यात पारंगत. पण शेवाळ आवरायला त्याने नेमली ती बोटाच्या पेराएवढी कोळंबी! आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. वॉरिंग्टनची गोगलगाय काय आणि अमानोची कोळंबी काय, खाली कोणी तरी मुकाट्याने राबल्याशिवाय वरचा उजेड शोभत नाही.

आता आमचा दिवा टायमरवर दिवसाचे सात तास आणि निम्म्या जोरावर चालतो. पंप तासाला टाकीतले पाणी चारेक वेळा फिरवतो, झाडे झोपवत नाही. आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलतो, तेही क्लोरीन घालवून. स्पंज काळा असतो. फारच तुंबला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळतो, नळाखाली नाही.

चिऊला मी उत्तर दिले, "ज्याला मी घाण म्हणत होतो ना, त्यात राहणारे लोक माशांसाठी काम करत होते. मी त्यांना न विचारता हाकललं."

"मग त्यांना सॉरी म्हणा."

छत्तीस वर्षांत मी कुणाला लेखी दिलगिरीसुद्धा दिली नव्हती. टाकीपुढे उभा राहून म्हणालो. चारही माशांनी ऐकले.

झाडांबरोबर एक गोगलगायही घरात आलेली निघाली. मी सवयीने चिमटा शोधू लागलो तर सौ. म्हणाली, "राहू दे हो तिला. दिवसभर घरात असते, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि काम मात्र करते." असे म्हणून तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितले.

चिऊने त्या गोगलगायीचे नाव 'आजोबा' ठेवले आहे. ही बढती समजावी की पदावनती, याबद्दल माहिती गोळा करण्यात येत आहे.