काटकसर कोणाची? १९३१ मधील इंग्लंडचा एक वाद

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरप्रपंचात ती खरीही आहे. म्हणूनच सरकारी खर्चात कपात करण्याचा विषय निघाला, की तिचाच आधार घेतला जातो आणि वाद तेथेच मिटल्यासारखा होतो. परंतु एका अंथरुणावर निजणारे अनेक असले, तर पाय कोणी आखडावयाचे, हे ती म्हण सांगत नाही. इंग्लंडात १९३१ साली नेमका हाच प्रश्न उभा राहिला आणि त्यापायी एक मंत्रिमंडळ मोडले. आज त्या प्रसंगाचा विचार आपण करू.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत इंग्लंडातील बेकारांची संख्या २७ लाखांच्या आसपास गेली होती. सत्तेवर मजूर पक्ष होता, पण लोकसभेत त्याला बहुमत नव्हते. पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड हे शेतमजुराचे पुत्र, तर अर्थमंत्री फिलिप स्नोडेन विणकराच्या घरात जन्मलेले. गरिबी या दोघांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. खर्चाची छाननी करण्यासाठी सर जॉर्ज मे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल ३१ जुलै १९३१ रोजी प्रसिद्ध झाला. १२ कोटी पौंडांची तूट येणार, असे भाकीत तिने केले आणि ९ कोटी ६० लाखांहून अधिक रकमेची कपात सुचविली. त्यातील सुमारे दोनतृतीयांश भार बेकारीच्या मदतीवर पडणार होता. भत्त्याचा दरच शेकडा २० ने उतरवावा, अशी शिफारस होती.

आकडे पाहिले, की माणूस दबतो. पण हे आकडे उलगडून पाहणारेही त्या वेळी होते. तुटीच्या त्या रकमेत जुने कर्ज फेडण्याच्या निधीसाठी ठेवावयाचे सुमारे ५ कोटी पौंड धरलेले होते. मजूर पक्षाच्या वतीने नेमलेल्या दोन सभासदांनी आपले मतपत्र वेगळे जोडले. भाव उतरल्यामुळे ठराविक व्याज घेणाऱ्या रोखेधारकांचे उत्पन्न प्रत्यक्षात वाढले आहे. त्याग सर्वांचा असावयाचा, तर त्यांचाही असावा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कामगार संघांच्या वतीने अर्नेस्ट बेव्हिन आणि वॉल्टर सिट्रीन यांनी कर्जफेड तूर्त थांबविण्याचा व व्याजाच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा मार्ग पुढे केला. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी तर मार्चमध्येच आयातीवर जकात सुचविली होती. एकाचा खर्च तो दुसऱ्याचा मिळकतीचा मार्ग असतो; सर्वांनीच हात आखडला तर बेकारी वाढेल आणि तूटही वाढेल, अशी त्यांची विचारसरणी होती. घर आणि राष्ट्र यांतला भेद तो हाच.

दुसऱ्या बाजूवर आपण अन्याय करू नये. पौंडाला सोन्याचा आधार होता, परदेशी ठेवीदार आपले पैसे काढून नेत होते आणि न्यूयॉर्क व पॅरिसहून कर्ज मिळावयाचे, तर अंदाजपत्रकाचा मेळ बसविणे भाग होते. पौंड कोसळला तर गरिबाची भाकरीच आधी महागेल, अशी स्नोडेन यांची प्रामाणिक समजूत होती. २३ ऑगस्टला भत्त्यात शेकडा १० कपात करावी की नाही, यावर मंत्रिमंडळात ११ विरुद्ध ९ अशी फूट पडली. दुसऱ्या दिवशी सरकार गेले आणि मॅक्डोनल्ड यांच्याच नेतृत्वाखाली सर्वपक्षीय म्हणविणारे राष्ट्रीय सरकार आले.

१० सप्टेंबरला स्नोडेन यांनी नवे अंदाजपत्रक मांडले. बेकारांचा भत्ता शेकडा १० ने आणि शिक्षकांचा पगार शेकडा १५ ने कमी करण्याचे ठरले. नौदलातील सामान्य खलाशाचा ४ शिलिंगांचा रोज ३ शिलिंगांवर येणार होता. १५ सप्टेंबरला इन्व्हरगॉर्डनच्या बंदरात खलाशांनी कामास नकार दिला आणि परदेशी ठेवीदार अधिकच बिथरले. ज्या सुवर्णपरिमाणासाठी हा सारा खटाटोप केला, ते अंदाजपत्रकानंतर अकराव्या दिवशी, २१ सप्टेंबरला सोडावे लागले!

आकाश मात्र कोसळले नाही. पुढच्या वर्षी बँकेचा दर शेकडा २ वर आला, आयातीवर सर्वसाधारण जकात बसली, आणि २०० कोटी पौंडांहून मोठ्या युद्धकर्जाचे व्याज शेकडा ५ वरून साडेतीनवर उतरविले गेले. तेवढ्याने वर्षाकाठी सुमारे ३ कोटी पौंड वाचले. स्वतः स्नोडेन यांनीही प्राप्तिकर वाढविला होता आणि कर्जफेडीच्या निधीला कात्री लावली होती. म्हणजे अशक्य म्हणून बाजूस सारलेल्या वाटा वर्षभरात एकामागून एक चोखाळल्या गेल्या. बेकाराचा भत्ता मात्र १९३४ पर्यंत पूर्ववत झाला नाही. मतदारांनी तरीही ऑक्टोबर १९३१ मध्ये राष्ट्रीय सरकारला ५५४ जागा दिल्या; मजूर पक्षाच्या हाती ५२ उरल्या. भय दाटले असता पर्यायाची भाषा लोकांना पटवून देणे किती कठीण असते, हे यावरून दिसते.

या वादाची एक झळ आपल्याही घरापर्यंत आली. गांधीजी आणि डॉ. आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये असतानाच, २१ सप्टेंबरला रुपया १८ पेन्सांच्या दराने पौंडाला जखडला गेला. त्याबाबत हिंदी लोकांचे मत कोणी घेतले नाही. रुपयांत सोन्याचा भाव चढला, आणि धान्याचे भाव बसल्यामुळे सारा व सावकार यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याने घरातले दागिने मोडले. ते सोने मुंबई बंदरातून परदेशी गेले. इंग्लंडातील बेकार आपल्या बाजूची लढाई हरला, पण निदान त्याची बाजू मांडणारे नऊ मंत्री तरी होते; आपल्या शेतकऱ्याची बाजू मांडावयास त्या दिवशी कोणीच नव्हते.

म्हणून काटकसरीचा प्रस्ताव पुढे आला, की तुटीत काय काय धरले आहे, कोणाला वगळले आहे आणि कोणती वाट न पाहताच अशक्य ठरविली आहे, एवढे विचारण्याची सवय आपण नागरिकांनी लावून घ्यावी. असे विचारल्याने काटकसरीला विरोध होतो, असे आम्हांस वाटत नाही. पाय आखडावयाचेच असतील, तर कोणी किती, एवढे तरी त्यातून सर्वांसमक्ष ठरेल.