लेखनाची टांकसाळ

नाशिकहून आग्र्याच्या वाटेनें जातांना चांदवड लागतें. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकादेवीचें देऊळ यांच्यामुळें हें गांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु होळकरशाहींत येथें टांकसाळ होती व तींतून निघणारा रुपया ‘चांदवडी’ या नांवानें चालत असे, ही गोष्ट थोड्यांच्याच स्मरणांत असते. १८१८ सालीं हा मुलूख इंग्रजांकडे गेला व पुढें टांकसाळही बंद पडली. तथापि ज्याच्या गांठीं तो रुपया होता, त्याची चांदी कांहीं बुडाली नाहीं. आपलें लेखन लोकांपुढें मांडण्याच्या साधनांचा इतिहास पाहूं गेल्यास, टांकसाळ कोणाची आणि चांदी कोणाची, हाच प्रश्न पुनःपुन्हां समोर येतो.

मराठी छपाईच्या आरंभीं साधनाची निवड करणें सोपें नव्हतें. बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं देवनागरी खिळ्यांनीं छापलें गेलें, तर त्याच्या १८१० च्या कोशासाठीं मोडी खिळे योजिले गेले. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं प्रथम शिळाप्रेस पत्करला. त्यांत हस्ताक्षर जसेंच्या तसें दगडावर उतरे व खिळे ओतण्याचा खर्च वांचे; परंतु मजकूर बदलावयाचा म्हणजे दगडावरचें काम पुन्हां करावें लागे. खिळ्यांस आरंभीं पैसा फार लागे, पण चुकलेलें अक्षर काढून दुसरें बसवितां येई. पुढें जावजी दादाजींच्या निर्णयसागरानें या खिळ्यांस सुबकपणा आणला. १८८१ सालीं ‘केसरी’ निघाला, तो मात्र त्या मंडळींच्या स्वतःच्या आर्यभूषण छापखान्यांतून. ज्यास सरकारच्या रोषाची भीति न बाळगतां लिहावयाचें, त्यास छापखाना आपला असणें किती अगत्याचें, हें निराळें सांगावयास नको.

संगणकाच्या महाजालावरही जवळजवळ हाच क्रम घडला. आरंभीं प्रत्येक पान हातानें खुणा घालून रचावें लागे. म्हणजे तो एक प्रकारचा शिळाप्रेसच होता. रोजच्या नोंदींच्या अशा पानांस जॉर्न बार्जर यानें १९९७ सालीं ‘वेबलॉग’ हें नांव दिलें. त्याचाच संक्षेप ‘ब्लॉग’, आणि मराठींत त्यास ‘अनुदिनी’ म्हणूं लागले. १९९९ च्या ऑगस्टांत पायरा लॅब्ज या लहानशा कंपनीनें ‘ब्लॉगर’ सुरू केलें. त्यामुळें ज्यास संकेतलिपीचा गंध नाहीं, त्यासही मजकूर लिहून कळ दाबतांच तो प्रसिद्ध करतां येऊं लागला. २००३ सालीं तें गूगलनें विकत घेतलें.

२००१ सालीं बेन व मेना ट्रॉट या दांपत्यानें जी आज्ञावली काढली, तिचें नांव ‘मूव्हेबल टाइप’, म्हणजे सुटे खिळे, असें ठेविलें. हें नांव साजेसें होतें. कारण अशा आज्ञावलींत मजकूर एकीकडे व पानाचा सांचा दुसरीकडे असतो, आणि सांचा बदलला तरी मजकुरास धक्का लागत नाहीं. परंतु २००४ सालीं तिच्या परवान्याच्या अटी कडक होतांच अनेकांनीं ‘वर्डप्रेस’ची वाट धरली. मॅट मलेनवेग व माइक लिटल यांनीं २७ मे २००३ रोजीं प्रसिद्ध केलेली ही आज्ञावली कोणासही फुकट घ्यावी, पाहावी व बदलावी अशा मोकळ्या परवान्याची होती. आज जगांतील शंभर संकेतस्थळांपैकीं चाळीसांहून अधिक तिच्यावर चालतात.

मराठी लेखकापुढें आणखी एक अडचण होती. निरनिराळ्या अक्षरसंचांत अक्षरांचे संकेत निरनिराळे असल्यामुळें, एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर केवळ निरर्थक खुणांसारखा दिसे. १९९१ सालच्या युनिकोडांत देवनागरीस स्थान मिळालें व त्याचा प्रसार झाला, तेव्हांच मराठी अनुदिनींस बहर आला.

परंतु बहराबरोबर पानगळही आलीच. जिओसिटीजचीं बहुतेक पानें २००९ सालीं, पोस्टरस २०१३ सालीं आणि ट्रॉट दांपत्याच्याच कंपनीनें काढलेलें, पण मागाहून परहस्तीं गेलेलें टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद झालें. ज्यांनीं आपल्या मजकुराची प्रत वेळेवर उतरून घेतली, त्यांचें लेखन वांचलें. इतरांचें वर्षानुवर्षांचें लिखाण, छायाचित्रें व वाचकांचे अभिप्राय यांसह गेलें.

चांदवडच्या एखाद्या कांद्याच्या व्यापाऱ्यास आपला माल परमुलखांत कळवावयाचा असो, किंवा एखाद्या शिक्षकास गांवची माहिती लिहून ठेवावयाची असो, त्यानें निवड करतांना हा इतिहास ध्यानांत घ्यावा. दुसऱ्याच्या जागेंत खर्च थोडा व देखभालीची दगदग नाहीं, पण नियम घरधन्याचे. स्वतःची जागा घेतल्यास नांवाचें व जागेचें भाडें दरसाल भरावें लागतें, आणि आज्ञावली वेळोवेळीं अद्ययावत् ठेवावी लागते. न ठेविल्यास चोरांस दार उघडें राहतें. ज्यास एवढी सवड नाहीं, त्यानें खुशाल परक्या जागेंत लिहावें. मात्र संकेतस्थळाचें नांव आपल्या स्वतःच्या नांवें नोंदवावें, मजकूर सबंध उतरून घेण्याची सोय आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, आणि महिन्यांतून एकदां त्याची प्रत घरीं आणून ठेवावी. इतकें केलें म्हणजे टांकसाळ बंद झाली तरी चांदी घरांत राहील.