न्यायासनावरील वऱ्हाडपुत्र

वऱ्हाडच्या काळ्या मातीने कापसाबरोबर कायदेपंडितही पिकविले. दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर, डॉ. पंजाबराव देशमुख ही सारी मंडळी कायद्याच्या अभ्यासातूनच लोककार्यात उतरली. त्याच अमरावतीत २४ नोव्हेंबर १९६० रोजी जन्मलेले श्री. भूषण रामकृष्ण गवई हे १४ मे २०२५ रोजी भारताचे ५२ वे सरन्यायाधीश झाले व त्याच वर्षीच्या २३ नोव्हेंबरला निवृत्त झाले. अमरावतीकर, अकोलेकर आम्हां सर्वांनाच त्याचा अभिमान वाटला. परंतु थोरांचा नुसता गौरव करून थांबणे उचित नव्हे. त्यांच्यापासून घ्यावयाचे ते घेतले पाहिजे.

फ्रेझरपुऱ्याच्या साध्या वस्तीत बालपण, नगरपालिकेच्या मराठी शाळेत आरंभीचे शिक्षण, १९८५ साली वकिलीस प्रारंभ, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालय व २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय, असा त्यांचा प्रवास. कायद्याचा अर्थ लावताना ज्याच्यावर तो कायदा चालावयाचा, त्याच्या उंबरठ्यावरून पाहावे, ही त्यांची दृष्टी आम्हांस दोन निकालांत दिसते.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात त्यांच्या पीठाने ठरविले की, केवळ आरोप आहे म्हणून शासनाने कोणाचे घर पाडू नये. पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. घर एकट्या आरोपीचे नसते; त्यात म्हातारी माणसे, लेकरेबाळे राहतात. निवारा हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय.

दुसरा निकाल १ ऑगस्ट २०२४ चा. अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याची मुभा सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने राज्यांना दिली. आपल्या स्वतंत्र मतपत्रात गवई यांनी या जातींतील उन्नत घटकही वेगळे काढावेत, असे मत मांडले. पैसा आला म्हणून अस्पृश्यतेचा डाग पुसत नाही, हा विरोधकांचा आक्षेप क्षुल्लक नव्हे. स्वसमाजातूनही त्यांच्यावर टीका झाली. तथापि निकाल लोकांच्या इच्छेने नव्हे, तर कायद्याने व सदसद्विवेकाने द्यावयाचा असतो, असे त्यांनी सांगितले.

त्या मताशी कोणी सहमत असो वा नसो, त्यामागील प्रश्न प्रत्येक ज्ञातिसंस्थेपुढे आहे. आमची वसतिगृहे, शिष्यवृत्त्या कोणाच्या लेकरांना लाभतात? ओळखीच्या शहरी घरांतील, की खेड्यातील शेतमजुराच्या? पुढे गेलेल्यांनी मागून येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवावे. अभिमानाची खरी फेड तीच, असे आम्हांस वाटते.