‘राजा हरिश्चंद्रा’चा उपलब्ध पाठ

जुन्या पोथीचा काल पुष्पिकेवरून ताडून पाहावा, हा संशोधकांचा परिपाठ. तीच कसोटी चित्रपटांसही लावणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. मूळ चित्रपट चार रिळांचा, सुमारें ३७०० फूट लांबीचा होता. त्यांपैकीं पहिलें व शेवटचें म्हणून जीं दोन रिळें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें जतन केलीं आहेत, त्यांविषयीं वाद आहे. फाळक्यांनीं १९१७ सालीं तेंच आख्यान ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नांवानें पुन्हां चित्रित केलें. उपलब्ध रिळें या दुसऱ्या पाठाचीं असावींत, असा कांहीं अभ्यासकांचा तर्क आहे. तो खरा असल्यास आपण ज्यास आद्य म्हणतों तें उत्तरकालीन ठरतें, आणि आद्य पाठ नष्टच झाला असें म्हणावें लागतें.

नायट्रेटची फीत ज्वालाग्राही व अल्पायुषी. कागद त्याहून टिकाऊ. यास्तव पोथ्यांच्या रुमालांत सिनेमाच्या खेळांचीं जुनीं हस्तपत्रकें आढळल्यास वऱ्हाडांतील संग्राहकांनीं तीं रद्दी समजून टाकूं नयेत. त्यांवरील तारीख, चित्रपटाचें नांव व रिळांची संख्या टिपून ठेवावी. तोंवर या रिळांवर १९१३ हें साल निःशंकपणें घालूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

— गुरुकुंज मोझरी